मागच्या पानावरचे प्रश्न

पुस्तक हातात आलं की मी आधी शेवटचं कोरं पान बघते. खुनी कोण ते कळावं म्हणून नव्हे. तो मला साधारण साठाव्या पानाच्या आसपास कळलेला असतो. मी शोधत असते पेन्सिल.

माझी भाची ओहायोला असते. तिच्या चर्चच्या तळघरात एक छोटंसं वाचनालय आहे आणि तिथली जुनी पुस्तकं दर उन्हाळ्यात विकायला काढतात. पिशवी भरून घ्या, दोन डॉलर द्या. ती नगरला येते तेव्हा बॅगेत चॉकलेट आणि बदामांच्या खाली या पुस्तकांचा एक थर असतो. कव्हरवर बहुधा एक बाई मागे वळून बघत पळत असते, मागे जंगल नाहीतर धुकं, आणि कोपऱ्यात बंदूक घेतलेला, पण चेहऱ्याने सज्जन, असा पुरुष. आमच्या ह्यांचा सगळा जन्म बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा वाचण्यात गेला. त्यांनी या पुस्तकांना नाव ठेवलंय : ‘गुडघे टेकणारा झुंजार’.

तर पेन्सिल. डी हेंडरसनची ‘द निगोशिएटर’ ही २००० साली आलेली कादंबरी माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर कुणा अमेरिकन बाईने दूध, अंडी, बल्ब अशी यादी केली आहे. अंडी खोडलेली आहेत, बाकीचं तसंच. आणि आत, जिथे नायिका केट ‘देव न्यायी असेल तर खुन्याला माफ कसा करतो’ म्हणून अडून बसते, तिथे समासात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मीही हेच विचारलं होतं’. खाली तारीख, आणि एकच अक्षर : डी. कोण हा किंवा ही डी, माफ कुणाला करायचं होतं, काही कळायला मार्ग नाही. एकतीस वर्षं मी एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होते. देवघेवीच्या कार्डावरून कोणती मुलगी काय वाचते हे मला कळायचं, त्यातून तिला काय मिळालं ते कधीच कळलं नाही. त्यामुळे असा समास सापडला की मला घबाड मिळाल्यासारखं होतं.

या प्रकाराला अमेरिकेत ख्रिश्चन रोमँटिक सस्पेन्स म्हणतात. बाईच्या जिवावर कुणीतरी उठलेलं असतं. तिला वाचवणारा पोलिस, मार्शल किंवा अग्निशमन दलाचा जवान असतो, आणि दोघांपैकी एकजण देवावर रुसलेला असतो. म्हणजे गोष्टीत दोन टांगत्या तलवारी. एक, मारेकरी आधी पोचतो की नायक. दुसरी, रुसलेला माणूस शेवटच्या प्रकरणाआधी प्रार्थना करतो की नाही. प्रेम या दोन्हींच्या मध्ये अडकलेलं, कारण विश्वासात नसलेल्या माणसाशी लग्न करायचं नाही ही पौलाची शिकवण नायिकेला पाठ असते. मारेकऱ्यापेक्षा हा अडसर मोठा. मला विचाराल तर खरा सस्पेन्स दुसऱ्या तलवारीचाच आहे, आणि तो पोलिसकथेतून आलेला नाही. तो उपदेशाच्या पुस्तिकांमधून आलाय. त्या पुस्तिका आमच्या घरात अमेरिकन कादंबऱ्यांच्या पुष्कळ आधी पोचल्या होत्या.

अमेरिकन ट्रॅक्ट सोसायटी न्यूयॉर्कला निघाली १८२५ साली. चार-आठ पानांची पत्रकं : दारुडा सुधारला, मरणशय्येवरच्या मुलीने बापाला वळवलं. आज वाचवत नाहीत. पण पुढच्या सगळ्या गोष्टीची रीत त्यात ठरून गेली : आधी माणूस संकटात घालायचा, मग त्याला निर्णयापर्यंत आणून सोडायचं. ही रीत सगळ्यांत हुशारीने वापरली चार्ल्स शेल्डन या पाळकांनी. कॅन्ससमधल्या टोपिका गावात त्यांची काँग्रिगेशनल मंडळी होती. रविवारी संध्याकाळच्या उपासनेला माणसं जमावीत म्हणून त्यांनी उपदेशाऐवजी गोष्ट वाचायला सुरुवात केली. दर रविवारी एक प्रकरण, आणि थांबायचं ते नेमकं अडनिड्या जागी. १८९६ साली अशीच वाचलेली गोष्ट पुढे ‘इन हिज स्टेप्स’ नावाचं पुस्तक झाली. तिची सुरुवात अजून अंगावर येते. लिनोटाइप यंत्र आल्यामुळे नोकरी गेलेला एक खिळे जुळवणारा कामगार भर उपासनेत उठतो, शांतपणे चार प्रश्न विचारतो, तिथेच कोसळतो आणि काही दिवसांत मरतो. मग पाळक आणि मंडळीतले काहीजण ठरवतात की वर्षभर कुठलंही काम करण्याआधी ‘इथे येशूने काय केलं असतं?’ हे स्वतःला विचारायचं. ‘ॲडव्हान्स’ नावाच्या साप्ताहिकात ती छापली गेली, पण कॉपीराइटची नोंद नीट झाली नाही. मग काय, ज्याला छापायची त्याने छापली. जगभर प्रती गेल्या, शेल्डनसाहेबांच्या पदरात त्यातलं फारच थोडं पडलं. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेतली शाळकरी पोरं हाच प्रश्न चार इंग्रजी अक्षरांत विणलेले पट्टे मनगटात घालून फिरू लागली.

खून-प्रेम-प्रार्थना या त्रिकुटाची खरी आई मात्र वेगळी : ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल. जन्म १८६५, न्यूयॉर्क राज्यातल्या वेल्सव्हिलचा, वडील प्रेस्बिटेरियन पाळक. तिची मावशी इझाबेला आल्डन ‘पॅन्सी’ या नावाने लिहायची आणि त्या काळच्या रविवारच्या शाळांच्या कपाटांत तिची पुस्तकं ओळीने असत. या मावशीने भाचीला टाइप करायचे हजार कागद भेट दिले आणि सांगितलं, याचे तेवढेच डॉलर करून दाखव. (माझ्या मावशीने मला गंजिफ्रॉकचं कापड दिलं होतं. असो.) १८९९ मध्ये ग्रेसचा नवरा अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. पदरी दोन लहान मुली. तेव्हापासून लिहिणं हा चरितार्थ झाला आणि १९४७ साली जाईपर्यंत तिच्या नावावर शंभरावर पुस्तकं होती.

तिची ‘द गर्ल फ्रॉम मोंटाना’ १९०८ ची. भावाला गोळी घातलेली, मारेकऱ्याची नजर आता हिच्यावर, म्हणून ती घोड्यावर बसून एकटी पळते. मोकळ्या रानात तिला वाट चुकलेला एक तरुण भेटतो आणि ज्याने तिला सोडवायचं त्या पुरुषालाच ती वाट दाखवते. पुढे ती थेट फिलाडेल्फियातल्या आज्यांकडे पोचते. ‘द रेड सिग्नल’ १९१९ ची, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. शेतावर कामाला आलेल्या मुलीला कळतं की आजूबाजूचे लोक जर्मन हेर आहेत आणि घातपाताचा कट शिजतोय. तिची सगळी मदार रेल्वेतल्या एका तरुणावर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कॉलेजात होते. अमेरिकेला परत गेलेल्या एका मिशनरी बाईंनी पुस्तकांच्या दोन पेट्या मागे ठेवल्या होत्या, त्यांत हिल बाईंची अकरा पुस्तकं होती. कव्हरं वाळवीने खाल्लेली. पण आतला मजकूर शाबूत, आणि इंग्रजीही असं की शब्दकोश फारसा लागायचा नाही. मी एका पावसाळ्यात सगळी संपवली आणि आईला म्हटलं, या बाईचे दुष्ट लोक फार लवकर रडायला लागतात. आई म्हणाली, तुला काय, ते न रडता मरायला हवेत?

इथे आजीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आजी बायबलबाई होती. म्हणजे मिशनच्या पगारावर खेड्यापाड्यांत पायी जायचं, बायकांना जमवायचं, गीत म्हणायचं, शास्त्रातली गोष्ट सांगायची. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये आलं. त्यांची पहिली माणसं मुंबईला उतरली होती १८१३ साली. बॉस्टनहून पाठवलेली, शेल्डनसाहेबांसारखीच काँग्रिगेशनल वळणाची. मिशनचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं. त्याच्या आदल्या वर्षी हरि केशवजींनी बनियन या इंग्रज लेखकाच्या यात्रेकरूला मराठी अंगरखा घातला होता : ‘यात्रिक क्रमण’. आणि १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’. बेळगावच्या कासार घरातला हा मुलगा, १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला, आणि तीन वर्षांनी मराठीतली पहिली कादंबरी लिहून मोकळा. मराठीचे प्राध्यापक तिच्यावर विधवांच्या प्रश्नाच्या अंगाने बोलतात. बरोबरच आहे, पुस्तकाच्या पूर्ण नावातच तो आहे, आणि विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी झाला होता. पण माझ्यासारख्या वाचणारीने ती हातात घेतली की वेगळंच दिसतं. यमुना मनाने ख्रिस्ती झालेली आहे आणि ते जगापासून लपवून आहे. नवरा विनायक तिच्या बाजूचा. दोघं प्रवासाला निघतात, जागोजागी विधवांच्या कहाण्या कानांवर पडतात, आणि मग विनायक अपघातात सापडून मरतो. जी दुसऱ्यांची दुःखं बघत होती ती स्वतः विधवा. आता हिचं गुपित फुटणार की राहणार? शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्नही करते. संकट, प्रेम, श्रद्धा, सुखान्त. एक बंदूक तेवढी कमी.

आजीच्या झोळीत शास्त्राबरोबर या पुस्तकाची एक प्रत असायची. कुठल्या आवृत्तीची होती कोण जाणे, पहिली चार पानंच नव्हती. ती सांगायची, बायका दिवसभराची कामं उरकून कंदिलाशी येऊन बसायच्या आणि सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, ‘मग त्या पोरीचं पुढं काय झालं?’ तारणाबद्दल कुणी विचारत नसे. आजीला याचं वाईट वाटायचं. महिन्याच्या अहवालात किती गावं, किती बायका, किती पुस्तकं खपली, हे लिहावं लागे, आणि ‘यमुनेचं पुढे काय झालं’ या प्रश्नाला त्यात रकाना नव्हता. एकदा एका गावात एक केशवपन केलेली म्हातारी भिंतीशी बसून सगळं ऐकत होती. शेवटी ती इतकंच म्हणाली, ‘तिला दुसरं माणूस भेटलं, चांगलं झालं.’ आणि उठून गेली. बाप्तिस्म्यावर एक अक्षर नाही. आजी हा प्रसंग शेवटपर्यंत सांगायची, पण दर वेळी वेगळ्या आवाजात. सुरुवातीला हरल्यासारखी, म्हातारपणी नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तर कादंबरीही नव्हे. तरी मराठी ख्रिस्ती साहित्यातला सगळ्यांत जीवघेणा सस्पेन्स त्यात आहे असं माझं ठाम मत आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला नवरा मुंबईत बाप्तिस्मा घेतो. बायको इकडे सोवळ्यात, डोकं फिरल्यासारखी. ती त्याच्याकडे जाणार का? गेली तर त्याचा धर्म घेणार का? उत्तर १९०० सालात मिळतं. मधली पाच वर्षं लेखिका वाचणाऱ्याला हसवते, रडवते आणि एकाही ठिकाणी ‘यावरून आपण काय शिकतो’ असं विचारत नाही. अमेरिकन बायांनी हे वाचायला हवं होतं.

विसाव्या शतकाच्या मध्याचा भाग मी भरभर सांगते, कारण तो दुकानदारीचा आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांनी आपली संघटना काढली आणि गावोगाव वेगळी दुकानं उभी राहिली : बायबलं, गाण्यांच्या रेकॉर्डी, भिंतीवरची वचनं. कादंबरीला तिथे फारसा मान नव्हता. त्याच सुमारास इतर दुकानांत मेरी स्ट्युअर्ट आणि व्हिक्टोरिया होल्ट यांच्या रहस्याच्या प्रेमकथा धो धो खपत होत्या, आणि पाळकांच्या बायका त्या वाचत नव्हत्या असं मुळीच नाही. १९७९ साली बेथनी हाऊसने जॅनेट ओक या कॅनेडियन बाईंची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ काढली. पश्चिमेकडे निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच मरतो. क्लार्क नावाचा विधुर सांगतो, माझ्या पोरीची आई हो, वसंतात परत जावंसं वाटलं तर भाडं मी देईन. एवढ्याशा सौद्यावर ख्रिस्ती कादंबरीचा आजचा बाजार उभा राहिला. सात वर्षांनी फ्रँक पेरेट्टीच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ने दाखवलं की भक्त मंडळींना भयही चालतं : एका छोट्या गावावरून देवदूत आणि सैतानाचे दूत यांची हाणामारी.

मग बाहेरच्या बाजारातल्या लेखिका आत आल्या. फ्रान्सीन रिव्हर्स आधी साधी प्रेमकथा लिहायच्या. होशेय संदेष्टा आणि त्याची बेइमान बायको यांची बायबलमधली गोष्ट उचलून त्यांनी ती कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेऊन बसवली आणि १९९१ मध्ये ‘रिडीमिंग लव्ह’ लिहिली. टेरी ब्लॅकस्टॉक यांच्या नावावर तिसेक प्रेमकादंबऱ्या होत्या. १९९४ मध्ये त्यांनी ठरवलं, आता फक्त श्रद्धेचंच लिहायचं, आणि त्या वळल्या सस्पेन्सकडे. हार्लेक्विनने, म्हणजे ज्यांची पातळ प्रेमपुस्तकं माझ्या मैत्रिणी वर्गात बाकाखाली धरून वाचायच्या त्यांनी, १९९७ मध्ये ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही ख्रिस्ती मालिका काढली आणि २००५ मध्ये तिला सस्पेन्सची वेगळी शाखा फुटली. नियम कडक. सुमारे ५५ हजार शब्द. शिवी नाही, दारू नाही, लग्नाआधी शेज नाही. पहिल्या पानाच्या आधी एक वचन, शेवटी लेखिकेचं पत्र आणि त्यामागे वाचकांनी चर्चा करावी म्हणून प्रश्न.

शिवी नाही यातून फार गमती होतात. एका पुस्तकात चार खून केलेला माणूस दरवाजात बोट चेंगरल्यावर जे बोलतो ते आमच्या पाळकांच्या घरी चहाच्या वेळी चाललं असतं. पण या बंधनाचा एक फायदाही दिसतो. शरीराचं वर्णन करायचं नाही म्हटल्यावर लेखिकेला नायकाचे हात वापरावे लागतात : तो तिच्यासाठी कुलूप बदलतो, टायर तपासतो, खिडकीखालची फांदी छाटतो. एवढं झाल्यावर चुंबनाची गरज उरत नाही.

हेंडरसन बाईंची ओ’मॅली मालिका या सगळ्याच्या मधोमध उभी आहे. सात जणं, एकाच अनाथाश्रमात वाढलेली, रक्ताचं नातं नाही. मोठी झाल्यावर ती ठरवतात की आपण एकमेकांचे भाऊ-बहीण, आणि सगळेजण ओ’मॅली हे एकच आडनाव घेतात. केट ओलीस धरलेल्यांना बोलून सोडवणारी पोलिस, मार्कस मार्शल, जॅक आगीच्या बंबावर, स्टीफन रुग्णवाहिकेवर, लिसा प्रेतं तपासणारी, रेचेल आपत्तीत सापडलेल्यांना सावरणारी, धाकटी जेनिफर मुलांची डॉक्टर. जेनिफरला कॅन्सर होतो आणि सातांत आधी विश्वास तिला मिळतो. मग एकेका पुस्तकात एकेक भावंड त्या प्रश्नाशी झगडतं. प्रत्येकाचं भांडण वेगळं : केटला देवाचा न्याय पटत नाही, लिसाला पुनरुत्थान.

ही मालिका मी मराठीत सांगितली आहे. भाषांतर वगैरे नव्हे. नाताळच्या फराळाला आमच्या घरी सात-आठ बायका जमतात. करंज्या भरायच्या, कातण फिरवायचं, तेलाकडे लक्ष ठेवायचं. हात गुंतलेले, तोंड मोकळं. एका वर्षी मी केटची गोष्ट काढली. बँकेत बाँब घेऊन बसलेला माणूस, आत ओलीस, आणि ही बाई पिस्तूल न काढता बोलत आत जाते. दुसऱ्या दिवशी कुणीही न बोलावता बारा जणी आल्या. त्यांनी तिला ‘केटबाई’ केलं. तिच्यावर जीव जडलेल्या एफबीआयच्या डेव्हला जाऊबाईंनी तोंडावर नापास केलं : ‘फार समजावतो. नवरा झाल्यावर काय करील?’

मी मनात ठरवलं होतं, माफीच्या प्रसंगाशी आलं की थोडं थांबायचं, म्हणजे त्यातला धडा पोचेल. तिथे कुणी थांबलंच नाही. सगळ्या अडल्या त्या आडनावापाशी. ‘सातांनी मिळून आडनाव घेतलं?’ नानींनी विचारलं. नानी ऐंशीच्या पुढच्या, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या. मी म्हटलं, हो. नानींनी हातातली करंजी ताटात ठेवली. ‘मग हे आपलंच की.’

आपलंच ते कसं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. १९०० च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातली किती पोरं मिशनच्या दारात आली. माझे आजोबा त्यांतले एक, पाचेक वर्षांचे. बापाचं नाव धड सांगता येईना. गावाचं सांगता आलं. रजिस्टर लिहिणाऱ्याने गावाला ‘कर’ लावला आणि आडनाव झालं. त्याच गावाकडून आलेली आणखी दोन पोरं होती, वेगळ्या घरांतली, वेगळ्या जातींतली. त्यांनाही तेच मिळालं. पुढे तिघं शेजारी शेजारी झोपत. आज त्या तीन घरांचा विस्तार पुण्या-मुंबईपासून ओहायोपर्यंत झालाय आणि आम्ही एकमेकांना भावकी धरतो. सुतक पाळल्यासारखं मयतीला सगळे जातो, आपसात सोयरीक करत नाही. एका मुलाने करायची म्हटली होती, तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दाराला कडी घातली. रक्त एक नाही हे सगळ्यांना ठाऊक. तरी नाही म्हणजे नाही.

केटच्या शिकागोतल्या गोष्टीत लेखिकेने मांडलेला धडा न्याय आणि दया यांचा होता. माझ्या स्वयंपाकघरात घेतला गेला तो रजिस्टरातल्या आडनावाचा. लिन नील नावाच्या धर्माच्या अभ्यासक बाईंनी २००६ मध्ये ‘रोमॅन्सिंग गॉड’ हे पुस्तक लिहिलं. त्यासाठी त्या अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलल्या. पुस्तकं बाळबोध आहेत म्हणून त्यांनी वाचणारीला बाळबोध धरलं नाही, हे मला आवडलं. भिंतीशी बसलेल्या त्या म्हातारीकडे बघायला त्यांच्यासारखं कुणी आजीच्या वेळी असतं, तर अहवालात एक रकाना वाढला असता.

माझ्या तक्रारी आहेत. या गोष्टींतलं संकट नेहमी एका वाईट माणसाचं असतं. तो धरला की जग निर्मळ. गरिबी, हुंडा, कोर्टाच्या तारखा अशी पकडता न येणारी संकटं तिथे नाहीत. पोलिस देवमाणूस असतो, आणि यावर आमच्याकडे बायका जे हसतात ते मी इथे लिहीत नाही. शिवाय रुसलेला माणूस प्रार्थना करतो ती बरोबर प्रकाशकाच्या पानांत बसेल अशा वेळी.

जेनिफरचं मात्र तसं होत नाही. सहा भावंडं, पुस्तकामागून पुस्तक, तिच्यासाठी गुडघे टेकतात आणि ती जाते. शेवटच्या ‘द रेस्क्युअर’मध्ये स्टीफन ते दुःख घेऊन शहर सोडून पळतो, लोकांना वाचवायचं काम करणारा माणूस, त्याला बहीण वाचवता आली नाही. हे पुस्तक माझ्याकडे आलं त्या वर्षी माझी थोरली बहीण गेली होती. दवाखान्यात तिला आठ महिने चुकीचं औषध चालू होतं, ते कळलं तेव्हा उशीर झाला होता. मंडळीने साखळी प्रार्थना केली, रात्रीचे पाळीपाळीने. पुस्तक मी दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा समास कोरा होता. ज्या बाईने ते आधी वाचलं तिने कुठेही काही लिहिलं नव्हतं. फक्त एका पानाचा कोपरा दुमडलेला, आणि दुमडून दुमडून तो तुटायला आलेला.

अमेरिकेतली ती ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं आता फारशी राहिली नाहीत. फॅमिली ख्रिश्चनने २०१७ मध्ये आपली दोनशेच्या वर दुकानं बंद केली, लाइफवेने २०१९ मध्ये. झोंडरव्हॅन, थॉमस नेल्सन, हार्लेक्विन ही सगळी घराणी एकाच हार्परकॉलिन्सच्या छपराखाली गेली आहेत. भाची म्हणते, हल्ली बायका ही पुस्तकं फोनवर वाचतात. फोनला समास नसतो.

गेल्या डिसेंबरात मी एक नवी काढली होती, सस्पेन्स शाखेतली, पातळशी. साक्षीदार बाई, डोंगरातलं घर, बर्फ. अर्धी सांगून झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, त्या मागच्या पानावर प्रश्न असतात म्हणतेस, ते वाच की एकदा. मी एक प्रश्न मराठीत करून वाचला : देवाचा राग आला तेव्हा तुम्ही काय केलंत, अशा अर्थाचा. कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज. एकजण म्हणाली, हे काय असं लोकांत विचारायचं असतं होय? दुसरी म्हणाली, मी वर्षभर चर्चला गेले नव्हते, तुम्हां सगळ्यांना वाटलं गुडघे दुखतात. कुणी काही बोललं नाही. नानींनी झाऱ्याने करंज्या उलट्या केल्या, एक जास्त लाल झालेली बाजूला काढली आणि पदराला हात पुसत मला म्हणाल्या, ‘ते राहू दे. तो पोलिस पोचला का?’

‘पोचला,’ मी म्हटलं, ‘पण दाराला आतून कडी होती.’